डोंगरापलीकडचा स्टॉप

गाडी पळवायच्या खेळात आमच्या आबांचा कधी पहिला नंबर आला नाही, कारण ते प्रत्येक गावाला गाडी थांबवायचे.

आबा म्हणजे माझे वडील, भिवाजी. हिंगोली डेपोचे एसटी ड्रायव्हर. सेनगाव, वसमत, हट्टा, असं त्यांचं उभं आयुष्य स्टेअरिंगमागं गेलं. हिंगोली जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या साली पुसेगावच्या अलीकडं त्यांना डाव्या हाताची बैलगाडी दिसलीच नाही. बैलाला, माणसाला काही झालं नाही, नुसतं चाकाला घासलं. पण आबा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. यात नजर कडेकडेनं मरत येते, मधलं तेवढं उरतं आणि शेवटी तेही जातं. थेंब घालून फक्त उशीर होतो म्हणे. डेपोत त्यांना बसायचं काम मिळालं, पण आपली गाडी दुसऱ्याच्या हातात जाताना त्यांना बघवेना. मुदतीच्या आधीच नोकरी सोडून ते घरी येऊन बसले आणि बोलायचे बंद झाले.

माझा भाऊ धम्मानंद पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. मी सकाळी बालवाडीत शिकवायची आणि दुपारी लाईट असली की त्यावर गाडीचा खेळ खेळायची. एकदा आबा मागं येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "करुणा, ह्यो रस्ता मला समदा दिसून राहिला."

मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं. त्यांच्या डोळ्यांत जेवढी खिडकी उरली होती, तेवढाच तो पडदा होता. घरात त्यांना ताट दिसलं तर तांब्या दिसायचा नाही, माझं तोंड दिसलं तर हात दिसायचे नाहीत. या एकाच रस्त्याला मात्र दोन्ही कडा होत्या.

मी उठले, ते बसले, आणि पुढं वर्षभर ती खुर्ची त्यांचीच झाली. कोणती कळ दाबली की गाडी वळते ते त्यांनी दोन दिवसांत हाताखाली घातलं. खेळात शर्यती होत्या, बक्षिसं होती. आबांनी तिकडं ढुंकून पाहिलं नाही. वळण आलं की हॉर्न, उतार आला की ब्रेक, घरं दिसली की गाडी डाव्या अंगाला उभी. खेळातल्या गाडीत चढायला काळं कुत्रंही नव्हतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी शेजारी बसून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. दोन घंट्या झाल्याशिवाय ते कळीला बोट लावायचे नाहीत. आणि खेळ संपला की खुर्चीतून उजव्याच अंगानं उतरायचे. ड्रायव्हरचं दार उजवीकडं असतं, पाशिंजराचं डावीकडं. आमच्या खुर्चीच्या उजवीकडं लोखंडी कपाट होतं. रोज गुडघा आपटायचा आणि रोज माझी माय, पद्माबाई, स्वयंपाकघरातून विचारायची, आली का गाडी डेपोत?

खेळ तसा साधाच होता. झाडं दोनच जातीची, तीच पुन्हा पुन्हा लावलेली. ऊन मात्र कायम दिवस कलतानाचं, तांबूस, आणि सूर्य काही केल्या बुडायचा नाही. डांबर सोडून मातीत उतरलं की चाकांचा आवाज बदलायचा. घरांच्या खिडक्यांत उजेड असायचा, पण दारात माणूस नाही, धूर नाही. मला ते सुनं सुनं वाटायचं. आबांना वाटायचं की लोक शेतात गेलेत, येतील. ज्यानं हे केलं तो कधीतरी एकटाच लांबच्या रस्त्याला गेला असेल, असं ते म्हणायचे. त्याशिवाय कोणाला असं ऊन सुचत नाही. एवढे सगळे खेळ मी पुढं पाहिले, पण त्या खेळाबद्दल याहून खरं बोललेलं मी कोणाकडून ऐकलं नाही.

आणि एक डोंगर होता. रस्ता कुठंही वळो, लांबवर तो निळा डोंगर उभाच. मधली एक खिंड स्पष्ट दिसायची. आबा तिकडं गाडी घालायचे, तास तास चालवायचे, डोंगर तेवढाच लांब. थेंब घालूनही खिडकी बारीक होत चालली होती आणि ते त्यांनाही कळत होतं. एका दुपारी त्यांनी सांगून टाकलं, "डोळे हायेत तवर त्या खिंडीतून पलीकडं जाऊन यायचं, बाई. दुसरं काही मागणं न्हाई."

मी पुण्याला फोन लावला. धम्मानंद म्हणाला, पलीकडं काही नाही. तो डोंगर म्हणजे मागं लावलेलं चित्र आहे. बनवणारे तिथं न दिसणारी भिंत घालतात, गाडी तिला टेकली की चाकं जागीच फिरतात. आबांना नीट समजावून सांग, ही तुझी जबाबदारी. उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं? मी फोन ठेवला आणि आबांना सांगितलं, भाऊ म्हणतोय रस्ता आहे, जरा फेऱ्याचा आहे. त्यांनी मान हलवली. त्यानंतर काही दिवस मी बालवाडीतून यायच्या आतच ते खुर्चीत बसलेले असायचे. मग एकाएकी त्यांनी डोंगराकडं जाणं सोडलं. मला वाटलं, थकले असतील.

पुढं हळद शिजायच्या दिवसांत त्यांची नजर गेली. एका सकाळी मायनं चहा पुढं धरला आणि ते तिच्या आवाजाकडं बघत राहिले. त्या दिवशी तिनं ते कपाट एकटीनं ढकलून भिंतीच्या कोपऱ्यात नेलं.

बरेच दिवस कॉम्प्युटर झाकून होता. मग आबाच म्हणाले, तू चालीव, मी घंटी मारतो. मी त्यांची खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि पेला त्यांच्या हातात दिला. दोन घंट्या झाल्या. मी गाडी काढली ती सरळ डोंगराकडं. जे दिसेल ते मी त्यांना सांगत होते: वळण आलं, पूल आला, दोन घरं गेली. रस्ता संपला, गवत लागलं, चाकांचा आवाज बदलला. आणि मग गाडी कशाला तरी टेकली आणि पुढं सरकेना. समोर डोंगर होता तेवढाच लांब होता.

मी कळ सोडली नाही. म्हटलं, आबा, खिंड लागली. चढ आहे. आता उतार. पलीकडं गाव दिसतंय. पहिल्याच आवारात हळद शिजायला घातलीय, वाफ रस्त्यावर आलीय. बुद्धविहाराजवळ लिंबाखाली स्टॉप आहे. माणसं उभी आहेत, आबा. म्हाताऱ्या आहेत, शाळेची लेकरं आहेत. इतके दिवस गाडीच आली नाही म्हणून रस्त्यापर्यंत आलीत. आबा तोंड वर करून ऐकत होते. नोकरी सुटल्यापासून त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी पेल्यावर चमचा मारला. एकदाच.

मी कळ सोडली. इंजिनाचा आवाज खाली आला.

"चाकं जागीच फिरून राहिलीत," ते म्हणाले. "तिथं भिंत हाय. डोळे व्हते तवाच मी दहादा टेकून आलो. तुला काहून सांगू? तू एवढ्या आशेनं रस्ता हाय म्हणलीस."

आबांनी चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पर गाव लई चांगलं सांगितलंस. मी इथंच उतरतो."

ते उठले. उजवीकडं कपाट राहिलं नव्हतं, वाट मोकळी होती. तरी आबा डाव्या अंगानं उतरले, पाशिंजरासारखे, आणि मी धरावं म्हणून हात पुढं करून उभे राहिले.