अर्ध्या किलोच्या दशम्या

मी एक जुना स्प्रिंगचा काटा आहे, मित्रांनो, आणि आज बोलतोय ते राग आवरत नाही म्हणून. वर कडी, खाली हूक, मध्ये पितळी तबकडी, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघालो तो थेट सांगलीला, बेदाण्याच्या गोदामात. बावीस वर्षं तिथल्या तुळईला लोंबकळून पेट्या तोलल्या. दरवर्षी वजनमापे खात्याचा माणूस यायचा, तपासून शिक्का मारायचा. एकदा तर त्यानं मला "एकदम सरळ माणूस आहे हा" असं म्हटलं होतं. मी माणूस नाही, पण सरळ आहे.

मग आकडे लुकलुकवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि माझी रवानगी कुंडलला, हाफिजभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात झाली. सहा वर्षं खिळ्यावर धूळ खात पडलो होतो. एक दिवस त्यांच्या तहरीमनं मला खाली काढलं, ओढणीनं पुसलं आणि म्हणाली, "अब्बा, हा नेते. आमी मॉरिशसला स्पर्धेला चाललोय. सामान तोलायला लागतंय."

तहरीम गावातल्या मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघात खेळते. संघाची कप्तान प्राची. चढाईला गेली की दोन गडी टिपल्याशिवाय माघारी येत नाही, अशी तिची ख्याती. प्राची जैनांची. दिवस मावळला की अन्नाला हात लावायचा नाही, हे व्रत ती लहानपणापासून पाळते. आजवर खेळाला ते कधी आडवं आलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मला मैदानावरच्या लिंबाला टांगलं. संघाचे मॅनेजर उदयसिंह तिथं वही घेऊन उभे. विमानात प्रत्येकाला एक मोठी बॅग आणि एक सात किलोची पिशवी नेता येत होती. उदयसिंहांनी फर्मान काढलं की, मोठ्या बॅगांची जागा 'मंडळाच्या सामानाला' लागणार, पोरींनी फक्त पिशव्या घ्यायच्या. मंडळाचं सामान म्हणजे काय, तर ह्यांच्या ओळखीपाळखीच्यांना वाटायच्या बेदाण्याच्या पेट्या! त्यातली एकही माझ्या हूकला लागली नाही.

प्राचीची पिशवी साडेसात किलो भरली. मी खोटं कसं बोलू? जे होतं ते दाखवलं.

"अर्धा किलो काढ," उदयसिंह म्हणाले.

पिशवीत बूट, गुडघ्याचे पट्टे, कपडे आणि आईनं बांधून दिलेल्या दशम्या. बूट काढून चालणार नव्हते.

"आवं सायेब, तिला तिथलं खायाला चालायचं न्हाई," प्राचीची आई चंदनबाला काकुळतीला आली. "तेवड्या दशम्या तरी ऱ्हाऊ द्या."

"वयनी, मी हाय की! पोरीला वेळंवर भात-वरण मिळंल. माझा शब्द हाय."

दशम्यांचं गाठोडं आईच्या हातात परत गेलं. गाडी निघाली. मी तहरीमच्या पिशवीत होतो, येताना लागेन म्हणून.

मॉरिशसला उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. "अगं, ह्ये तर आपलं कडेगाव!" म्हणून पोरी खिदळल्या. समुद्र बघून तर वेड्याच झाल्या. पण दुपारच्या जेवणाची पाकिटं उघडली तर आत मांस. प्राचीनं मिटून ठेवलं, तहरीमनंही ठेवलं. हलाल आहे का नाही, विचारायचं कुणाला? रात्रीचं जेवण बिनमांसाचं असायचं, पण आठला यायचं. तहरीम तेव्हा जेवायची, प्राची नुसती शेजारी बसायची. आणि जुलै महिना असूनही तिथं पावणेसहालाच सूर्य बुडायचा! आपल्याकडं सात वाजले तरी उजेड असतो, त्यामुळं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन दिवस पोरगी पाव आणि केळ्यांवर खेळली आणि संघाला फायनलला घेऊन गेली.

फायनल संध्याकाळी सातला होती. "पाचच्या आत तुझा भात आणतो," असं सांगून उदयसिंह गाडी घेऊन बाजारात गेले. पाच वाजले, साडेपाच वाजले. प्राची हॉटेलच्या पायरीवर बसून रस्त्याकडं बघत होती. सूर्य बुडाला. साडेसहाला साहेब उगवले. दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या, आणि त्यातच कुठंतरी भाताचा डबा.

"खा की आता! साडेसहाच तर वाजल्यात. आपल्याकडं साडेसहाला ऊन असतंय."

"सायेब, आपल्याकडं असतंय. हितं अंधार पडलाय," प्राची म्हणाली. पाणीसुद्धा न पिता ती उठली आणि मैदानाकडं चालू लागली.

शेवटच्या चढाईला एक गुण हवा होता. प्राचीनं गडी टिपला, वळली, आणि मध्यरेषेच्या हातभर अलीकडं तिच्या डोळ्यांपुढं काळोख आला. ती पडली. एका गुणानं सामना गेला.

गावात परतल्यावर मंडळाची बैठक झाली, तहरीमच्या पिशवीतून मीही तिथं पोचलो. उदयसिंह उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीच्या उपासापायी कप गेला. दशम्या बी न्यायच्या व्हत्या, पण ह्यो काटाच बिगडल्याला! जास्त वजन दावलं."

मी? मी बिघडलेला? माझी स्प्रिंग संतापानं थरथरली, मित्रांनो!

हाफिजभाई उठून दुकानात गेले. तिथून आणलेलं शिक्क्याचं पाच किलोचं वजन त्यांनी मला अडकवलं. माझा काटा पाचावर जाऊन थांबला, केसभरही इकडं तिकडं नाही.

"काटा बराबर हाय, सायेब. तुमच्या पेट्या का तोलल्या न्हाईत, त्येवडं सांगा."

उदयसिंह खाली बसले. मंडळाचा सेक्रेटरी वहीत लिहीत होता : कप्तान उपाशी असल्याने सामना गमावला. प्राची पुढं गेली आणि तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी उपाशी व्हते, ह्ये खरं हाय. पण मला उपाशी कुणी ठेवलं, त्ये बी लिवा."

सेक्रेटरीनं पेनाचं टोपण लावलं. वही मिटली. सगळे चहाला उठले.

मित्रांनो, मला तेलपाणी करू नका, धूळही पुसू नका, पण एवढं माझं ऐका. मंडळाच्या वहीत प्राचीनं सांगितलेली ती ओळ अजून लिहिलेली नाही. तुमच्याजवळ वही असेल. तुम्ही लिहा.