चहातली गोळी

भीमाबाईचं पत्र येऊन दीड महिना होत आला, तरी नानांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर निदान एक सबब तरी झाली असती. पण ते टेबलावरच्या जाड शब्दकोशाखाली होतं, आणि नाना हल्ली शब्द अडला तरी तो कोश उचलत नसत.

नाना म्हणजे गोरक्षनाथ. नगरच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर सावेडीत मुलगा, सून आरती आणि नात दीपा यांच्याबरोबर राहत. भीमाबाई त्यांची धाकटी बहीण, काष्टीच्या बजरंगराव या ऊस बागायतदाराला दिलेली. शाळा चौथीपर्यंतच, पण पत्र मात्र ती स्वतःच्या हातानं लिही.

'दादास भीमाचा नमस्कार. ह्यांना साखरेचा आजार निघाला. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली ती वाळत नाही. डॉक्टरांनी साखर बंद केली आणि चहात टाकायला पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या. हे दिवसाला आठ चहा पितात. इथल्या बाया म्हणतात, त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. तू एवढी पुस्तकं वाचलीस. खरं काय ते लिही. तू लिहिशील तसं करू.'

शेवटचं वाक्य नानांनी पुन्हा पुन्हा वाचलं. 'तू म्हणशील तसं करू' असं त्यांना उभ्या जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा त्यांना कोणी विचारत नसे, आणि त्याचं त्यांना बरंच वाटे.

ते जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसले. एका पुस्तकात होतं की असल्या गोळ्यांतलं सॅकरिन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. दुसऱ्यात होतं, उंदरांना ते इतकं चारलं की तेवढं पोटात जायला माणसाला रोज शेकडो बाटल्या सरबत प्यावं लागेल. तिसऱ्यात अधिक संशोधनाची गरज होती. नाना औषधाच्या दुकानातून तसल्याच गोळ्यांची एक बाटली घेऊन आले आणि भिंगातून चिठ्ठी वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, लहान मुलांना देऊ नये. लहानांना नको, तर थोरांना कसं चालतं? हा सवाल त्यांना कुसळासारखा टोचत राहिला.

त्या दिवसापासून नानांना गोड म्हणून काही सरळ लागेना. मसाला सुपारी तोंडात टाकली की जिभेच्या मागे कडसर चव येई. रंगीत बडीशेपेतही तीच. लग्नात मिळालेलं सरबत त्यांनी कुंडीत ओतलं.

"नाना, काल तुम्ही बिस्किट हुंगत होतात," आरती म्हणाली. "मी घातलं नाही हो त्यात काही."

एकदा दीपा शाळेतून लालभडक जीभ घेऊन आली. नाना तसेच उठले आणि शाळेच्या फाटकाशी बर्फाच्या कांड्या विकणाऱ्या छगनकडे गेले. तिथवर जाताना तीनदा परत फिरावंसं वाटलं.

"छगनराव, यात साखर किती घालता?"

"काका, चौफेर साखर कारखाने हायेत. आपल्याला साखरेचा काय तोटा?"

"मग मागाहून कडू का लागतं?"

"वय झालं काका तुमचं. आता गोड बी कडूच लागायचं." भोवतालच्या पोरी खिदळल्या. नाना जायला वळले, तसा छगन आवाज खाली आणून म्हणाला, "समदेच टाकत्यात चिमूटभर पावडर. घागरभर पानी गोड हुतं. साखर टाकून कांडी परवडंल व्हय?"

म्हणजे सगळीकडे सॅकरिन असल्याचा संशय खरा होता. पण भीमाबाईला लिहायचं काय? नानांनी एक पत्र लिहिलं, 'गोळ्या ताबडतोब बंद करा', आणि फाडलं. दुसरं लिहिलं, 'गोळ्यांना हरकत नसावी', आणि 'नसावी' या शब्दाकडे बघत बसले. उद्या बजरंगरावांना काही झालं तर? आपण कोण सांगणारे? आपण आयुष्यभर पुस्तकं फक्त मांडून ठेवली. दुसरं पत्रही फाडलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी भीमाबाईचा मुलगा योगेश आला. ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला तो मोटारसायकलवरून नगरला आला होता. आरतीनं चहा दिला.

"मामा, आईनं त्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या," तो बशीत चहा ओतत म्हणाला.

"का?"

"तुमचं उत्तर न्हाई आलं ना. आई म्हनली, दादा वाईट गोष्ट कवाच कागदावर लिहीत न्हाई. आजोबा गेले तवा बी तुमी नुसतं 'निघून ये' लिहिलं हुतं. दादा गप हाय म्हंजी गोळ्या वाईटच."

नानांनी खुर्ची पुढे ओढली. "मग ते चहा फिका पितात?"

"फिका कशाला? गुळाचा. साखरेचा दाना न्हाई ठिवला घरात."

"गुळाचा?"

"आपल्याच गुऱ्हाळातला हाय. भेंडीच्या पान्यानं मळी काढलेला. कसलं केमिकल न्हाई त्यात."

"अरे, गूळ म्हणजे साखरच की."

"डॉक्टर साखर म्हनला, मामा. गूळ न्हवता म्हनला."

"त्यांना गुळाचं सांगितलंत?"

"त्यानं कुठं इचारलं."

"आणि अंगठा?"

योगेशनं बशी खाली ठेवली. "काळा पडलाय. डॉक्टर म्हनतो, आठ दिसांत फरक न्हाई पडला तर काढावा लागंल. वडील म्हनत्यात, गुळानं लई तरतरी आलीया."

"मी आत्ताच येतो तुझ्याबरोबर."

"या की. पन बोलनार काय? वडलांपुढं तुमचा आवाज मी अजून ऐकला न्हाई."

ते खरंच होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आरतीसुद्धा गालात हसली.

"मग चिठ्ठी देतो. ती ने."

"माझ्या हातानं नको. आई तुमचं ऐकंल, वडील न्हाई ऐकायचे. त्यांच्या ताटातलं काही काढलं की त्यांना वाटतं, घरच्यांनी कट केलाय. म्हनतील, मायलेकानं मामाला गाठून लिहून घेतलं. ते ग्रामपंचायतीची नोटीस बी शिक्का बघून घेत्यात. पोस्टमननं आनून दिलं तरच इश्वास बसंल."

नाना टेबलाशी बसले. शब्दकोश बाजूला सारून त्यांनी बहिणीचं पत्र काढलं, पुन्हा वाचलं आणि कोरा कागद घेतला. 'याबाबत अभ्यासकांत मतभेद असून' एवढं लिहिलं आणि खोडलं. नवा कागद घ्यायचं मनात आलं, पण त्याच कागदावर खाली लिहीत गेले.

'भीमा, मी गप्प राहिलो तो गोळ्या वाईट आहेत म्हणून नाही. मला ठरवता येईना म्हणून. हा माझा अपराध आहे. गोळ्यांबद्दल माझी आजही खात्री नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका आणि मुलांना देऊ नका. गुळाबद्दल मात्र खात्री आहे. गूळ साखरच आहे, आपल्या गुऱ्हाळातला असला तरी. तो पत्र मिळताच बंद करा. गोळ्यांची धास्ती वाटत असेल तर चहा बिनगोडाचा प्या. बजरंगराव, हे मला योगेशनं लिहायला लावलेलं नाही. पत्र वाचून संपताच डॉक्टरांकडे जा आणि गूळ किती खाल्लात ते लपवू नका. मी सोमवारी येतो. तुम्ही रागावलात तरी येतो.'

"वाचून दाखवू का?" त्यांनी योगेशला विचारलं.

"नको. पत्ता घाला. चारला टपालाची थैली जाती म्हनं."

पाकीट चिकटवताना नानांना वाटलं, 'खात्री' हा शब्द जरा जड झाला. पुन्हा उघडून 'बहुधा' घालावा का? तोवर योगेशनं खाली गाडी सुरू केली होती. नाना पहिल्यांदाच भाच्यामागे मोटारसायकलवर बसले, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातानं त्याचा खांदा घट्ट धरलेला.

पोस्टात पेटीशी एक माणूस कुलूप काढत होता. नाना भराभर पुढे गेले.

"हे आजच जाईल?"

"टाका लवकर," तो म्हणाला.

नानांनी पाकीट फटीत सरकवलं. आतल्या पत्रांवर ते पडल्याचा आवाज झाला, तसा त्यांनी हात मागे घेतला.