ब्रदर क्लेटसची बोटं

एप्रिलचा शेवटचा रविवार. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गावात मोटरसायकलींना आशीर्वाद देण्याचा दिवस. चर्चच्या अंगणात शंभरेक माणसं दाटीवाटीने उभी आणि मधोमध व्हर्ना किका मारून घामाघूम. तिच्या गेलेल्या नवऱ्याची ती जुनी गाडी. नवा कार्ब्युरेटर आणि चोकची केबल तिने स्वतः बसवली होती; गाडी मात्र ढिम्म.

बाहेरगावचे प्रवचनकार ब्रदर क्लेटस पुढे सरसावले. एक हात आभाळाकडे, दुसरा पेट्रोलच्या टाकीखाली.

"हिचा श्वास कोंडलाय, भगिनी. ये रे श्वासा, ये."

पुढच्या किकेला गाडी धडधडली. लोक रडायलाच लागले. तो दुसरा हात टाकीखाली काय चाचपतोय, हे कुणी पाहिलंच नाही. आमच्याकडे न विचारता दुसऱ्याच्या गाडीला बोट लावत नाहीत, म्हणून सगळे अदबीने लांब.

"यंत्र बरं झालं, तू का होणार नाहीस?" व्हर्नाला मधुमेह आहे, हे ऐकून असलेले ब्रदर टोपली पुढे करत म्हणाले. "तुझं इन्सुलिन टाक या टोपलीत."

व्हर्नाने टाकलंसुद्धा.

शाळेत यंत्रकाम शिकवणारे ऑर्विल टेस्के पुढे आले. "व्हर्ना, गाडीला हात लावू?"

"लावा ना, मास्तर."

"आत्ता नको. गरम इंजिन काय, कुणाच्याही किकेला चालू होतं. बंद कर, गार होऊ दे. तोवर टोपली माझ्याकडे."

"शंका घेता?" ब्रदर गुरकावले.

"वाट बघतोय. तुमच्या श्वासाला कुठे जायची घाई आहे का?"

सगळे जेवले. इन्सुलिन घेतलं नव्हतं, म्हणून व्हर्ना काही न खाता बसून राहिली. तीन तासांनी तिने चोक ओढून सात किका मारल्या, काही नाही. मग मास्तरांनी टाकीखाली दोन बोटं घातली आणि प्रार्थना म्हणावी तसे जेवणातले पदार्थ गंभीरपणे म्हटले, "बटाट्याचं सॅलड, सॉसेज, मोहरीची चटणी. मार किक."

गाडी चालू.

केबल सैल राहिली होती. हँडलवरचा चोक हलायचा, पण कार्ब्युरेटरमधला दट्ट्या उठायचा नाही आणि गार इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळायचं नाही. बोटाने केबल ताणली की दट्ट्या वर. मास्तरांनी नट फिरवून ढील काढली.

"चूक माझीच," व्हर्ना पुटपुटली.

"ती कुणाचीही होते. यांना ती कळली आणि यांनी ती झाकली."

"देवच माझ्या बोटांतून..." ब्रदर सुरू झाले.

"देवाने पाना घ्यायला सांगितलं असतं," व्हर्ना म्हणाली. टोपलीतलं इन्सुलिन उचलून तिने तिथेच टोचून घेतलं आणि ताट वाढून घेतलं.

मी रोज पहाटे जपमाळ ओढते, उपास चुकवत नाही. म्हणूनच सांगते: चमत्कार जवळ जाऊन तपासा आणि औषधाचं डॉक्टरला विचारा. तपासल्याने देव रागावत नाही. रागावतो तो भोंदू.