अर्ध्या फेरीची चूक

मी एक जुनी, बदामी रंगाची मोटार आहे. माझी मागची सीट आता नाही, टपावर लोखंड लादून लादून खळगा पडला आहे आणि पुढच्या एका दिव्याच्या जागी पत्र्याचा तुकडा ठोकलेला आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण एक काळ असा होता की मला चक्क मेलेली ठरवण्यात आलं होतं, आणि मी मेलेली नव्हते. तेवढं सांगते, मग जा.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रंगात तोंड दिसायचं. मला ज्यांनी घेतलं त्यांना घरात सगळे बाबा म्हणत. ते मला टॅक्सी म्हणून चालवत, पण वागवत लेकीसारखं. रोज सकाळी बॉनेट उघडून तेल बघायचे, पाणी बघायचे, मगच स्वतः चहा घ्यायचे. त्यांना दोन मुलं. थोरला तो दादा. त्याने पुढे गॅरेज काढलं. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो, अशी त्याची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. दुसरी मुलगी. तिला सगळे धाकटी म्हणत. ती माझ्या पुढच्या सीटवर बसूनच मोठी झाली.

बाबा आजारी पडले तेव्हा धाकटीच त्यांना माझ्यातून दवाखान्यात न्यायची. जाता येता ओळखी झाल्या आणि ती दुसऱ्या रुग्णांनाही नेऊ आणू लागली. वाकलेल्या म्हाताऱ्यांना ती हाताला धरून बसवायची, खड्डा आला की मला असं हळूच काढायची की मागे झोपलेल्याची झोप मोडत नसे. शेवटच्या दिवसांत बाबांनी सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं की गाडी धाकटीची. दादाच्या हाताला घाई आहे, असंही ते बोलून गेले. तेव्हा दादाचं गिऱ्हाईकही तिथे बसलेलं होतं. दादा हसला. पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही.

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी मी चढाला दमू लागले. धाकटी मला दादाकडे घेऊन गेली. दादा म्हणाला, टायमिंग हललंय, मी स्वतः करतो, घरचीच गाडी आहे. त्याच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. उलट त्याला आपला हात दाखवायचा होता.

टायमिंग म्हणजे काय, ते सांगते. इंजिनात पेट्रोलवर ठिणगी पडते ती ठरल्या क्षणीच पडावी लागते. ती वाटून देण्याचं काम डिस्ट्रिब्युटर करतो. दादाने तो बाहेर काढला, झिजलेला भाग बदलला, पुलीवरची, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या चाकावरची, ठिणगीच्या क्षणाची खूण जुळवली आणि तो परत बसवला. पण इंजिनाचं एक काम दोन फेऱ्यांत पुरं होतं, आणि खूण दोन्ही फेऱ्यांत दिसते. घड्याळात बारा दोनदा वाजतात ना, तसं. काटे सारखेच असतात, पण एकदा दुपार असते आणि एकदा मध्यरात्र. दादाने मध्यरात्रीच्या बाराला दुपार समजून डिस्ट्रिब्युटर बसवला. तो अर्धी फेरी उलटा बसला. एवढीच चूक. कुणाच्याही हातून होते.

त्याने सेल्फ मारला. मी खूप गरगरले, पण सुरू झाले नाही. कार्बोरेटरमधून फाडकन आवाज आला तेवढाच.

मग त्याने प्लग बदलले. ठिणगी पाहिली, ती निळीशार पडत होती. कार्बोरेटर खोलून धुतला. दुसरी बॅटरी लावून पाहिली. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती, आणि मी हलत नव्हते. शेजारचे दुकानदार येऊन उभे राहू लागले. कुणीतरी म्हणालं, काय दादा, बहिणीची गाडी रुसली वाटतं. सगळे हसले.

आई डबा घेऊन आली होती. तिने विचारलं, काय झालंय रे? दादा कपाळ पुसत धाकटीकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला विचार. पाण्याशिवाय तापवून तापवून इंजिन जाळलंय हिनं. बाबांची गाडी खाल्ली."

धाकटीने सांगून पाहिलं की गाडी एकदाही तापली नाही. कालपर्यंत चालत होती, दुसऱ्या कुणाला दाखवू या, असंही ती म्हणाली. दादाने हातातला पाना फरशीवर टाकला. माझ्या गॅरेजात दुसऱ्याचा पाना लागणार नाही, म्हणाला. आई म्हणाली, त्याला कळतं बाई त्यातलं, तू गप्प बस.

आता जे सांगते ते माझ्याखेरीज कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजात दादा एकटाच होता. माणसं जेवायला गेली होती. त्याने पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि पान्याने पुली हळूहळू फिरवली. हवेने अंगठा ढकलला, तेव्हा तो थांबला. खूण जुळली होती; म्हणजे ही खरी दुपार होती. त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आतला काटा नेमका उलट्या दिशेला होता.

त्याने डिस्ट्रिब्युटर उपसला, अर्धी फेरी फिरवून बसवला, प्लग लावला आणि किल्ली फिरवली. मी पहिल्याच झटक्याला सुरू झाले. मित्रांनो, काय सांगू. माझं सगळं अंग थरथरलं. मला वाटलं, आता हा दारात जाऊन बहिणीला हाक मारील.

त्याने रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने किल्ली बंद केली, डिस्ट्रिब्युटर पुन्हा उपसला आणि होता तसा उलटा बसवून टाकला. बॉनेट लावलं, हात धुतले आणि आईने पाठवलेला डबा उघडून जेवायला बसला.

पुढचं सोपं होतं. इंजिन गेलं, उघडण्यातही अर्थ नाही, भंगारवाल्याला सांगितलंय, असा निरोप त्याने घरी धाडला.

मला न्यायच्या आदल्या दिवशी धाकटी आली. तिने फडकं आणलं होतं. भंगारात जाणाऱ्या गाडीच्या काचा कोण पुसतं? तिने पुसल्या. सीटखालची एका म्हातारीची राहिलेली चप्पल पिशवीत घातली. मग स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "मीच मारलं गं तुला. मला कळलंच नाही कधी तापलीस ते."

मी तापले नव्हते. माझ्या अंगात पेट्रोल होतं, ठिणगी होती, नव्हतं ते एक तोंड.

भंगारवाला दोराने ओढत मला त्याच्या भंगाराच्या वाड्यात घेऊन गेला. तो अखंड बडबडणारा माणूस, गाडी तोडण्याआधी तिची नाडी बघायची त्याला खोड होती. प्लग काढला, अंगठा लावला, झाकण उघडलं आणि खो खो हसत सुटला. मेलेली म्हणून आणली, ही तर नुसती पाठ करून झोपलीय, असं त्याने बायकोला ओरडून सांगितलं. थोड्याच वेळात मी वाड्यात धावत होते. त्याने मला तोडलं नाही. सीट काढून माल वाहायला ठेवलं.

एकदा आम्ही दवाखान्याच्या मागच्या अंगणात मोडक्या लोखंडी खाटा उचलायला गेलो. तिथे दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. त्यांच्यामधून एक बाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. ती धाकटी होती. गाडी गेल्यावर तिचे रुग्ण दुसरीकडे गेले आणि ती दवाखान्याच्या चादरी धुऊ लागली होती.

तिने माझ्या धडधडणाऱ्या बॉनेटवर हात ठेवला. इंजिन बदललं का, असं तिने विचारलं. भंगारवाला म्हणाला, छे, इंजिन ठणठणीत होतं, टायमिंग उलटं बसलेलं, अर्धी फेरी फिरवली आणि झालं. तिने दादाचं नाव घेतलं आणि विचारलं, "त्याला हे कळलंच नसेल, असं होईल का?"

भंगारवाल्याला ती कोण हे माहीत नव्हतं. तो दादाचं कौतुक करण्याच्या भरात म्हणाला, "त्याला कळलं नाही असं म्हणू नका ताई. त्याचा अपमान होईल."

धाकटीने मान हलवली. थंडीत चोक जरा जास्त ओढावा लागतो हिला, एवढं सांगून ती चादरींकडे परत गेली.

तिने दादाला जाब विचारला की नाही, मला ठाऊक नाही. पुढे भंगारवाल्याला ती कोण ते कळलं, आणि त्याच्या बोलण्यातून मला एवढंच समजलं की तिने दवाखान्याजवळ खोली घेतली आणि ती घरी जात नाही. लेकीला गर्व झालाय, असं आई लोकांना सांगते. दादाच्या गॅरेजासमोर गाड्यांची रांग असते. आवाजावरून दुखणं ओळखतो, असं लोक अजूनही म्हणतात.

मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतील की यंत्राला वेळेवर तेलपाणी करा. करा. पण तुमच्या हातून चूक झाली तर ती त्याच जागी, त्याच माणसांसमोर बोलून टाका. लोक हसतील, तर हसू द्या. यंत्र अर्ध्या फेरीत सुधारतं. ज्या माणसावर तुम्ही तुमची चूक लादली, ते सुधारत नाही. ते चादरी धूत राहतं, आणि त्याचं काय बिघडलं ते बघायला कुणी बॉनेटसुद्धा उघडत नाही.