फक्कीच्या पलीकडे

मी फेकली जाण्यासाठीच जन्मले. ताटाएवढी गोल, भडक केशरी, कडेला जराशी बसकी. मला डिस्क म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी बादलीचं झाकण वाटते आणि त्यात त्याची चूक नाही. साकीनाक्याच्या ज्या गाळ्यात मी तयार झाले, तिथे त्याच यंत्रावर सकाळी झाकणंच निघत होती. दुपारी साचा बदलला आणि मी गरमागरम बाहेर पडले.

आमचा खेळ सोपा आहे. लांबवर एका खांबाला साखळ्या लावलेली टोपली असते. कमीत कमी फेकींत मला तिच्यात पोचवायचं. मैदानाच्या कडेने फक्कीची रेघ मारलेली असते. मी तिच्या पूर्ण पलीकडे पडले तर आउट, एक फेक वाढते. माझी कड नुसती आतल्या गवताला टेकली तरी मी आत. मला एवढाच धर्म ठाऊक आहे.

चारकोपच्या ऋताने मला विकत घेतलं ते तिच्या बाबांसाठी. देवदत्तांचं आयुष्य अंधेरीच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढण्यात गेलं. रेघ केसभर हलली तरी पुन्हा काढणारा माणूस. निवृत्त झाले आणि काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. समोरचं दिसायचं, पण बाजूचं जग हळूहळू मिटत चाललं होतं. गाडी चालवणं सुटलं, मग एकट्याने रस्ता ओलांडणं सुटलं. केशरी रंग त्यांना अजून नीट दिसतो, म्हणून ऋताने मला निवडलं.

दर रविवारी बापलेक दहिसरला, नदीच्या अंगाला असलेल्या मैदानावर यायचे. दोघंच. देवदत्त मला छातीशी धरून क्षणभर थांबत आणि मग असं फेकत, की हवेत मला स्वतःचं वजन जाणवत नसे. अर्ध्या वाटेपर्यंत मी त्यांना दिसायचे. पुढे मी कडेला वळले की दिसेनाशी व्हायचे. मग ते विचारायचे, “कुठे गं?”

ऋता पुढे उभी असायची. एका रविवारी मी रेघेच्या पलीकडे, चांगली वीतभर बाहेर पडले होते. ती माझ्याजवळ आली, मागे वळून बाबांकडे बघितलं. ते मान तिरकी करून उत्तराची वाट बघत होते. ती म्हणाली, “आत आहे, बाबा.” आणि पायाने मला अलगद आत सरकवलं.

मी बाहेर होते. पण मला तोंड कुठे आहे?

त्यानंतर तसं होतच राहिलं. घरी गेल्यावर देवदत्त शुभाताईंना, म्हणजे बायकोला, मोठ्या खुशीत सांगायचे की डोळे गेले आणि हात सुधारला. ते आंघोळीला गेले की शुभाताई हळूच लेकीला विचारायच्या, हे किती दिवस चालणार? ऋता म्हणायची, यात कुणाचं काय जातंय आई? पिशवीत पडल्यापडल्या मी ऐकत असे. मलाही तिचं म्हणणं पटायचं.

मग मैदानावर वार्षिक स्पर्धा आली. ज्येष्ठांच्या गटात शेवटच्या टोपलीपर्यंत देवदत्त आणि भाऊराव बरोबरीत होते. भाऊराव दहिसरच्याच चाळीतले, मूळचे मालवणकडचे. गुडघे दुखायचे तरी हसत खेळायचे. त्यांची फेक झाली, चांगली झाली. मग देवदत्तांनी मला फेकलं.

वाऱ्याने मला कडेला ढकललं. झुडपांची एक रांग ओलांडून मी रेघेपलीकडच्या गवतात पडले. पूर्ण बाहेर. तेवढ्यात मैदानावरचा एक तांबडा कुत्रा धावत आला, त्याने मला दातांत धरलं आणि उड्या मारत थेट टोपलीपाशी नेऊन टाकलं.

सगळे हसले. मग हसणं थांबलं, कारण निर्णय तर करायला हवा होता. थांबलेली डिस्क जनावराने हलवली, तर ती होती तिथे परत ठेवायची, असा नियम. पण ती होती कुठे? झुडपांमुळे मागच्या कुणालाच दिसलं नव्हतं. पुढे एकटी ऋता उभी होती.

भाऊराव म्हणाले, “कुत्र्याक काय नियम कळतलो? पोरी, तू बघितलंस ना? तू सांगशील तां खरां.”

माझ्या कडेवर दातांचे व्रण ठणकत होते. ऋताने भाऊरावांकडे बघितलं. मग बाबांकडे. ते तशीच मान तिरकी करून उभे होते, चेहऱ्यावर ती रविवारची खात्री.

“आउट होती, बाबा,” ती म्हणाली. “पूर्ण आउट.”

देवदत्तांनी वाद घातला नाही. एक फेक वाढली, ते हरले. भाऊरावांचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी अभिनंदन केलं. रिक्षात ते माझ्या कडेवरचे व्रण बोटाने चाचपत होते. कांदिवली आल्यावर म्हणाले, “रविवारी तू आत म्हणायचीस. त्यातल्या खऱ्या किती?”

ऋता रडायला लागली. “मी मोजल्या नाहीत, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून देवदत्तांनी मला फेकलेलं नाही. ऋता अजूनही रविवारी विचारते, चल ना बाबा. पुन्हा तसं करणार नाही म्हणून तिने शप्पथही घेतली. ते रागावत नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगतात, उन्हाचं सांगतात. शुभाताईंनी मला बाल्कनीत मोगऱ्याच्या कुंडीखाली ठेवलंय. माझ्यात आता पाणी साचतं. कधी पाणी घालताना देवदत्तांचा हात माझ्या कडेला लागतो, व्रणांवर थांबतो आणि निघून जातो.

त्यांना वाटतं, सगळंच खोटं होतं. तेवढंच मला सहन होत नाही. कारण प्रत्येक वेळी मी कुठे पडले ते फक्त मला माहीत आहे. ऋतानेही हिशेब ठेवला नाही, मी ठेवला. आणि मला बोलता येत नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. कधी चारकोपला आलात आणि बाल्कनीत मान तिरकी करून उभा असलेला उंच माणूस दिसला, तर त्याला एवढं सांगा: गणपतीनंतरच्या रविवारी, वारा समोरून असताना, करंजाच्या झाडाला वळसा घालून तुम्ही जी फेकलीत ना, ती आत होती. चांगली हातभर आत. तिला कुणी पाय लावला नव्हता.