हरल्याचा राग

राष्ट्रीय चषकाचे फुटबॉल सामने सुरू झाले की सासू काचेचे ग्लास कपाटात ठेवून द्यायची आणि सुनेला बजावायची, "आज त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

बाद पद्धतीचा चषक. एकदा हरलं की वर्षभराची आशा संपली. मुलगा बस डेपोत मेकॅनिक, शहराच्या संघावर जीव टाकणारा. संघ जिंकला की बायकोला हाताला धरून नाचवायचा. हरला की तोच हात तिच्यावर उठायचा.

"रागाच्या भरात होतं गं," सासू नंतर शेकायला गरम पाणी देत म्हणायची. "मनाने वाईट नाही तो."

यंदा संघ उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरला. शेवटचा फटका बाहेर गेला तेव्हा सून टीव्हीसमोरच्या कपबशा उचलत होती. "नेमकी आत्ताच कडमडलीस," तो म्हणाला आणि त्याने तिच्या कानाखाली वाजवली. ती दाराच्या चौकटीवर आदळली.

हॉस्पिटलात सासूने नेहमीचंच सांगितलं, "जिन्यावरून पडली."

टाके घालणारी नर्स वर न बघता म्हणाली, "आज संघ हरला ना, मावशी? अशा दिवशी बऱ्याच बायका जिन्यावरून पडतात."

सासू ओशाळली. "हरल्याचा राग असतो हो. नंतर स्वतःच रडतो."

"हरल्यावर त्याने कधी साहेबाला मारलंय? शेजारच्या धडधाकट माणसाला?"

"नाही."

"मग राग त्याच्या ताब्यात आहे, मावशी. कुणावर काढायचा, हे त्याला बरोबर कळतं."

सासूचा नवराही असाच होता. तेव्हा तिच्या सासूनेही तिला गरम पाणीच करून दिलं होतं.

ती पलंगाशी गेली, सुनेच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली.

"आई, या कानाने काही ऐकू येत नाहीये," सून म्हणाली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तो कान गेला तो गेलाच.

सासूने पोलिसांना सगळं खरं सांगितलं, मागच्या वर्षांचंही. मुलगा चौकीत म्हणाला, "आई, पोटच्या पोराविरुद्ध?"

"इतकी वर्षं तुझ्या बाजूनेच बोलले. म्हणून तर तिचा कान गेला."

सून त्या घरी परतली नाही. सासूही तिच्याबरोबर गेली.

वाचकहो, खेळात हारजीत होतच राहणार. पण घरातल्या माराला 'हरल्याचा राग' म्हणून पांघरूण घालणारे आपण सारेच त्या गुन्ह्यात सामील असतो. भिंतीपलीकडून आवाज आला, तर टीव्ही मोठा करू नका. उठा आणि दार वाजवा.