ओठ दिसले पाहिजेत

मी फोन बोलतोय. नाही, फोनवरून कोणी बोलत नाहीये. खुद्द फोनच बोलतोय. रोज दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवतो, पण माझं स्वतःचं कधी कोणी विचारत नाही. आत्ता तानीबाई दुपारच्या डुलकीत आहेत, माझं चार्जिंग भरलेलं आहे. तेवढ्यात माझी हकीकत सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. सगळे भाऊ एका तोंडवळ्याचे. नव्या फाइव्ह-जी नेटवर्कसाठी आम्हाला घडवलं होतं, त्यामुळं आम्ही जरा ताठ्यात होतो. वाटायचं, खोक्यातून बाहेर पडायचा अवकाश, जग वाटच बघत असणार.

खोकं उघडलं ते बेळगावच्या खडे बाजारात, शामूच्या दुकानात. शामू माणूस गोड. गिऱ्हाईक कानडीत विचारो, मराठीत विचारो नाहीतर हिंदीत, तो त्याच भाषेत माझं कौतुक करायचा. गिऱ्हाईक मला हातात घ्यायचं, उलटंपालटं करायचं, माझ्या काचेत बघून केस सारखे करायचं आणि शेवटी विचारायचं, "आमच्या गावात हे नेटवर्क हाय काय?"

"येतंय की! आज न्हाय तर उद्या."

"मग उद्याच घेतो," म्हणून गिऱ्हाईक मला खाली ठेवायचं.

आठवडे गेले. माझा ताठा उतरला. आपण वेळेआधीच जन्माला आलो की काय, असं वाटायला लागलं. शेजारचे साधे फोन पटापट विकले जायचे आणि मी काचेत धूळ खात बसायचो.

एके दिवशी सुविधा आली. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. ड्युटी संपवून तशीच आली होती. तिनं मला हातात घेतलं आणि आजवर कोणी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

"ह्यात ओठ दिसतात काय?"

शामू गोंधळला. "कॅमेरा म्हणताय? एक नंबर हाय."

"कॅमेरा न्हाय हो. व्हिडिओ कॉलवर माणूस बोलताना त्याचे ओठ सलग हललेले दिसतात काय? मधीच अडकत न्हाईत न्हवं?"

"दोन्हीकडं नवं नेटवर्क असलं तर पाण्यासारखं दिसतंय, ताई."

"आणि एकाच बाजूला असलं तर?"

शामूनं मान खाजवली. खोटं बोलणं त्याच्या जिभेवर आलं असेल, पण तो म्हणाला, "मग नशीब."

सुविधा हसली आणि मला घेऊन काकतीला निघाली.

घरी तिचे वडील भीमरत्न दारातच भेटले. ते बेळगावात हायस्कूलला भूगोल शिकवतात. त्यांनी खोक्यावरची अक्षरं वाचली. "फाइव्ह-जी? आगं, आयेच्या मैत्रिणीच्या गावात टॉवर नुस्ता उभा हाय, चालू कुठं झालाय? रस्त्याचा पत्ता न्हाय आणि गाडी आणलीस!"

"रस्ता होईल की, आप्पा."

"होईल. तवर ह्याची बॅटरी म्हातारी होईल."

मला राग आला नाही. त्यांचं चूक नव्हतं.

मी ज्यांच्यासाठी आलो होतो त्या तानीबाई, भीमरत्नांच्या आई, खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. उमेदीची सगळी वर्षं वडगावच्या एका शेडमध्ये, यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेली. मागांच्या त्या खडखडाटानं कान हळूहळू नेले. पण त्याच शेडनं त्यांना एक विद्याही दिली. तिथं ओरडून काही उपयोग नसायचा, म्हणून बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. तानीबाईंच्या शेजारी मालुबाई बसायच्या. दोघींनी सासू, नवरा, बाळंतपणं, पोरांच्या शाळा, सगळं त्या गदारोळात ओठांनी बोलून घेतलं. पुढं मालुबाईंचे यजमान परशराम ड्रायव्हरकीतून मोकळे झाले आणि ते जोडपं निपाणीच्या बाजूला आपल्या गावी, उसाच्या रानात राहायला गेलं.

ताटातूट झाली, पण व्हिडिओ कॉल होता. घरात तेव्हा जुना फोन, जुनं नेटवर्क. चित्र दोन पावलं चालायचं आणि दम खायचं. तरी निभत होतं. मग ती हाराची भानगड झाली. ती मी या घरात इतक्यांदा ऐकली आहे की माझ्या डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगू शकतो.

त्या दिवशी तानीबाई घरात एकट्याच होत्या. मालुबाईंचा कॉल आला. चेहरा घाबरलेला. त्यांनी सांगितलं, "म्हातारा पडला." पण "म्हातारा" म्हणून झालं आणि चित्र अडकलं. सुटलं तेव्हा मालुबाईंचे मिटलेले ओठ उघडत होते आणि शेवटचा "ला" तेवढा दिसला. आता प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात. तानीबाईंनी वाचलं, "म्हातारा मेला."

त्यांनी हंबरडा फोडला. शेजाऱ्यांनी भीमरत्नांना शाळेतून बोलावून घेतलं. त्यांनी उलट फोन लावला, लागला नाही. मायलेक गाडी काढून हायवेनं निघाले. संकेश्वरला थांबून मोठा, चांगला घसघशीत हार घेतला. गावात पोचले, आवाराचं फाटक ढकललं, तर परशराम कॉटवर बसून, प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून भडंग खात होते.

"तानीआक्का, या या," ते म्हणाले. "हार कुणाला आणलाय?"

भीमरत्न सांगतात, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं होतं. परशराम पोट धरून हसले. पण त्यांची बहीण तिथंच होती, ती भडकली. "जित्या माणसाच्या दारात असला हार आणत्यात व्हय?" आणि मालुबाई? मालुबाई तोंड फिरवून आत निघून गेल्या.

तानीबाईंच्या मनाला लागलं ते हेच. त्या दिवसापासून मालुबाई कॉलवर आल्या नाहीत. तिकडून त्यांची नातसून सौम्या बोलायची. कधी म्हणे आज्जी रानात गेल्यात, कधी म्हणे झोपल्यात. भीमरत्न आईला समजावायचे, "रागवलेल्या न्हाईत, आये. मी इचारलंय." तानीबाई मान हलवायच्या. "तू माझ्या समाधानासाठनं सांगतोस. मालू मला तिच्या तोंडानं सांगू दे."

तर हे ओझं माझ्या खांद्यावर होतं. मी चालणार की नाही, यावर दोन म्हाताऱ्यांची चाळीस वर्षांची मैत्री अडून बसली होती.

आणि मी चाललो नाही.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. घरात नवं नेटवर्क यायचं आणि भिंतीला घाबरल्यासारखं परत जायचं. गच्चीवर नेलं तर आमची बाजू झकास, पण तिकडं जुनंच. सौम्याचा चेहरा माझ्या काचेवर चौकोन चौकोन होऊन फुटला. तानीबाईंनी मला डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, उन्हात धरलं, सावलीत धरलं.

"ह्यो बी तसलाच," त्या म्हणाल्या आणि मला लसणाच्या टोपलीत ठेवलं.

भीमरत्न पुढचे काही दिवस खुशीत होते. भाकीत खरं ठरलेल्या माणसाची खुशी वेगळीच असते. वीज गेली की ते म्हणायचे, "तेवढी फाइव्ह-जीची बॅटरी दाखवा." एकदा त्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला. मी सगळं सोसलं. लसणाची कागदासारखी सालं अंगावर घेत मी मनात एकच गोष्ट घोकत होतो: मी बिघडलेलो नाही. समोरचा रस्ता पुरा व्हायचाय.

सुविधानं मात्र आशा सोडली नव्हती. ती रोज सौम्याला एकच प्रश्न पाठवायची, "चालू झाला?" तिकडून रोज उत्तर यायचं, "टॉवरवर माणसं चढल्यात," "उतरली," "आज कुणी आलंच न्हाय." त्या टॉवरवर चढलेल्या अनोळखी माणसांची मी इतकी वाट बघितली असेल, की त्यांच्या बायकांनीही तितकी बघितली नसेल.

मग एका रविवारी सकाळी टोपलीत मी थरथरलो. सौम्याचा निरोप. "झाला की चालू! आता लगेच लावा."

सुविधा मला घेऊन गच्चीवर पळाली. मागून गुडघे धरत तानीबाई आल्या, आणि "बघू तरी" म्हणत भीमरत्न. कॉल लागला. माझ्या काचेवर उसाचं रान उमटलं, इतकं लख्ख की पात्यांची टोकं मोजावीत. मग सौम्या, आणि तिनं दंडाला धरून ओढत आणलेल्या मालुबाई. चित्र कुठं अडकेना. मला ओरडावंसं वाटलं, "बघा! बघा आता!"

तानीबाईंनी हात जोडले. "जय भीम, मालू."

मालुबाईंनी हात जोडले आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

एवढा खटाटोप करून मी त्यांचे डोळे आणले, कपाळ आणलं, वाऱ्यावर उडणारी बट आणली. पण ओठ पदराआड. तानीबाईंचा चेहरा पडला. "मला तोंडबी दावायचं न्हाय तुला? एवढा राग, मालू? माझी चूक झाली. हार आणाय नको हुता."

मालुबाई पदराआडून काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं, पण मी तानीबाईंना कसं सांगणार? सुविधा म्हणाली, "आज्जी, त्या रागवल्या न्हाईत. त्या म्हणतात—"

"तू नको सांगूस!" तानीबाई म्हणाल्या. "तिनं सांगाय पायजे."

तिकडं कॉटवरून परशरामांचा आवाज आला. "आगं, काढ की पदर! तानीआक्काच्या म्होरं कसली लाज?"

मालुबाईंनी क्षणभर इकडंतिकडं बघितलं आणि पदर खाली घेतला. तोंडात एकही दात नव्हता! हाराच्या भानगडीनंतर लगेचच सगळे काढून टाकलेले, कवळी अजून यायची होती. एवढ्याचसाठी बाई इतके दिवस कॉलवर येत नव्हत्या.

तानीबाई बघतच राहिल्या. मग त्यांना असं हसू फुटलं की त्यांनी मला जवळजवळ गच्चीवरून खालीच टाकलं. "आगं माझे बाई! बोळकं झालंय की!"

मालुबाईही हसायला लागल्या, बोळक्या तोंडानं, न लाजता. बिनदातांचे ओठ वाचणं सोपं नसतं. ते आत ओढले जातात. तानीबाई पुढं वाकल्या, डोळे बारीक केले. मालुबाई सावकाश बोलल्या, आणि जिथं ओठ पुरेनात तिथं हात वापरले. शेडमधलीच खुणांची भाषा होती ती. मी एकेक बोट, एकेक सुरकुती, जशी हलली तशी पोचवली. एवढं जपून मी आयुष्यात काही पोचवलं नव्हतं.

"त्या दिशी मी रागानं आत गेलो न्हाय, ताने," मालुबाई सांगत होत्या. "हार बघून मला हसू आवरंना. नणंद म्होरं बसलेली, तिच्यासमोर दात कसं काढायचं? तवा दात हुतं! म्हनून आत जाऊन, तोंडात पदर कोंबून हसलो."

तानीबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी, त्यांच्या ओठांवरून वाचलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदमच. परशरामांनी कॉटवरून मान घातली. "लग्नातबी मला असला हार न्हवता घातला, आक्का. लई भारी हुता."

 खाली जाताना भीमरत्नांनी माझी काच सदऱ्यानं पुसली.

तेव्हापासून रोज दुपारी मी कामावर असतो. लसणाची टोपली सुटली. गच्चीच्या जिन्यात, जिथं नेटवर्क भरपूर येतं, तिथं माझ्यासाठी एक फळी ठोकलीय, तीही भीमरत्नांनीच. मालुबाईंची कवळी आली. आधी ती तोंडात बसेना म्हणून पुन्हा सगळी अक्षरं बदलली, तानीबाईंनी तीही नव्यानं शिकून घेतली. नवं नेटवर्क चालेल की नाही, याचा निकाल मोठमोठी माणसं लावतील. आमच्या जिन्यात तो लागलाय.

परवाची गोष्ट. दोघींचा कॉल चालला होता. भीमरत्न जिन्याखालून जाताना थबकले. वर फोन लागलेला, पण घरात आवाजाचा टिपूस नाही. ते काळजीनं वर आले. मालुबाईंचे ओठ हलत होते, तानीबाईंचे हलत होते, दोघी हातवारे करत होत्या, आणि माझ्यातून काहीही ऐकू येत नव्हतं. त्यांनी आवाजाचं बटण दाबून बघितलं. आवाज पूर्ण होता.

त्यांनी आईच्या खांद्याला हात लावला आणि तोंड समोर करून विचारलं, "आये, आवाज येईना गं. नेटवर्क गेलं काय?"

"न्हाय रं," तानीबाई म्हणाल्या. "आमी बोलाय लागलोय."

शेडमधली ती जुनी सवय. एकीला ऐकू येत नाही, तर दुसरीनं घसा कशाला झिजवायचा?

तानीबाई उठल्या वाटतं. पायांचा आवाज येतोय, आता माझी वेळ झाली. जाता जाता एवढंच मागणं आहे. आमच्या जातीच्या कुणाला हातात घ्याल तेव्हा उजेडाकडं तोंड करून बसा, समोरच्याला तुमचा चेहरा नीट दिसू द्या. आणि माझ्यातून कधी आवाज आला नाही, तर लगेच मला आपटू नका. आत कुणीतरी बोलत असेल.